निरीक्षणास बसलेला छात्राध्यापक

छात्राध्यापक म्हणजे डी.एल.एड.चा, आणि गावाच्या लेखी अजूनही डी.एड.चाच, विद्यार्थी. बारावीनंतरच्या या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात शिकवण्याआधी दुसऱ्याचं शिकवणं पाहावं लागतं. या पाहण्याच्या दिवसांत तो जळगाव-धुळे पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आढळतो. एरंडोल, पारोळा, साक्री, शिंदखेडा, कुठल्याही तालुक्यात एसटी फाट्यावर थांबली आणि अध्यापक विद्यालयाच्या गणवेशातला, एका हातात गुंडाळलेला तक्ता व दुसऱ्या हातात डबा सांभाळणारा तरुण उतरला, की तो हाच. त्या दिवशी पाठ घ्यायचा नसला तरी तक्ता असतोच. रिकाम्या हाताने शाळेत गेल्यास पालक समजण्याची भीती असते.

वर्गात खुर्ची एकच आणि ती गुरुजींची. त्याच्या वाट्याला मागच्या भिंतीजवळचं, सात वर्षांच्या मुलांच्या मापाचं बाक येतं. गुडघे हनुवटीशी आणून, त्यांवर निरीक्षण वही टेकवून तो गंभीर होतो.

या वहीत रकाने असतात : प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, प्रबलन, संकलन, गृहपाठ आणि शेवटी शेरा. या घराण्याचा मूळपुरुष हर्बार्ट (1776–1841) हा जर्मन तत्त्वज्ञ. त्याने अध्यापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या. शिष्यांनी पहिलीचे दोन भाग करून पंचपदी केली. शिष्य पायऱ्या वाढवतातच. पुढे अध्यापक विद्यालयांनी आखणीची पट्टी हाती घेतली आणि मग रकान्यांना धरबंध उरला नाही.

अडचण एवढीच, की समोरचा वर्ग रकान्यांप्रमाणे चालत नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे लहान गावात सगळ्या इयत्ता दोघांत वाटलेल्या, आणि एका खोलीत दुसरी व चौथी शेजारी-शेजारी. गुरुजी चौथीला भागाकार घालून देतात, दुसरीचं वाचन घेतात, मध्येच खिचडीचा तांदूळ मोजून देतात, दाराशी आलेल्या आजीला आधार कार्डासाठी कुठे जायचं ते सांगतात आणि वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहीत असतानाच मागच्या रांगेतल्या गोट्या टेबलावर आणून ठेवायला सांगतात. गोट्या येतात. हे कसं जमलं, हे खरं तर शिकण्यासारखं. पण त्याला रकाना नाही. छात्राध्यापक थोडा विचार करतो आणि ‘उद्दीपक बदल’ या कौशल्यापुढे ‘उत्तम’ लिहितो.

‘हेतुकथन’ तर त्याला दिवसभर सापडतच नाही. आज आपण अमुक शिकणार आहोत, असं गुरुजी म्हणत नाहीत. ते पुस्तक उघडायला सांगतात. मग तो हेतू आपल्या मनाने लिहितो, आणि तो गुरुजींच्या हेतूपेक्षा बराच उदात्त असतो.

तो वर्गाचं निरीक्षण करत असतो तेव्हा वर्ग त्याचं करत असतो, आणि तेही रकान्यांविना. मोबाइल कोणता, बुटांना माती किती, डब्यात काय, सगळ्याची नोंद होते. मधल्या सुट्टीत तोंडी परीक्षा. ‘सर, तुमनं गाव कोनतं?’ इथपासून ‘सर, तुमनं लगीन व्हयनं का?’ इथपर्यंत प्रश्न येतात; सोप्याकडून कठिणाकडे हे सूत्र मुलांना उपजतच येत असावं. तो प्रमाण मराठीत उत्तर देतो. मुलं हसतात, कारण त्यानेच सकाळी फाट्यावर मोबाइलवर घरच्यांशी बोलताना काढलेली अस्सल अहिराणी त्यांच्यातल्या दोघांनी ऐकलेली असते. दुपारी एक मुलगी फळ्याला ‘फया’ म्हणते आणि हा ‘उच्चार अशुद्ध’ अशी नोंद करतो. त्याच्या स्वतःच्या घरी शाळेला ‘शाया’ म्हणतात, ही गोष्ट त्या नोंदीत येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुरुजींना केंद्रप्रमुखांकडून बोलावणं येतं. ‘सर, जरा वर्ग पाहा,’ एवढं सांगून ते मोटारसायकलला किक मारतात. ‘पाहा’चा अर्थ आता बदललेला असतो. तो तक्ता उलगडतो. त्यावर पाण्याचं चक्र असतं. प्रस्तावनेचा पहिला प्रश्न विचारताच चौथी एका सुरात उत्तर देते, दुसरीही देते, आणि पाण्याचं चक्र प्रस्तावनेतच पूर्ण होतं. पंचपदीतल्या उरलेल्या चार पायऱ्या मोकळ्या पडतात. लगेच पेन्सिलचोरीचे खटले दाखल होतात, दोघांना एकाच वेळी तहान लागते आणि एकाला पोटात दुखू लागतं. खिचडीची हाळी ऐकून सर्वांत जास्त आनंद त्यालाच होतो.

संध्याकाळी अनुभवलेखन. त्याची सुरुवात साने गुरुजींपासून होते, कारण ते 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि खानदेशात याहून भक्कम सुरुवात मिळत नाही. मग मुलं ही देवाघरची फुलं येतात. पोटात दुखणारा मुलगा येत नाही. वर्गनियंत्रणापुढे ‘समाधानकारक’, सहभागापुढे ‘उत्स्फूर्त’. दुसरा शेरा मात्र शंभर टक्के खरा असतो.

शेवटच्या दिवशी मुख्याध्यापक वही न उघडता सही करतात, शिक्का मारतात आणि चहा पाजतात. अध्यापक विद्यालयात तिला गुण मिळतात. ते अक्षर आणि समासावर अवलंबून असतात. पुढे टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर भरतीची वाट पाहणं, असा त्याचा प्रवास सुरू होतो. वही तोवर पहिल्या वर्षाच्या मुलाने मागून नेलेली असते, आणि शाळा, तारीख व इयत्ता बदलून ‘सहभाग उत्स्फूर्त’ पुढच्या वहीत उतरतो.