बूस्टभाऊ

आमच्या तिरोड्याच्या वीज प्रकल्पात पाच संच आहेत, एकूण ३३०० मेगावॅटचे. तरी बूस्टभाऊ गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, जोर वाढवणारा नवा मॅप भरायला बसले की घरच्या प्लगवर भरवसा ठेवत नाहीत. "मॅप अर्ध्यात असताना लाईन गेली तं ईसीयूचा दगड होते ना बाप्पा!" म्हणून गाडीच्या बॅटरीला शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची आणि मग लॅपटॉप मांडीवर घ्यायचा. तेवढ्या वेळात अंगणात कोणी बोलायचं नाही. वहिनी कुकरखालचा गॅसही बंद करतात.

गाडी जुनी डिझेल स्विफ्ट. फियाटचं तेच १२४८ सीसीचं इंजिन, जे मारुती आणि टाटांनीही आपल्या गाड्यांत बसवलं. कागदावर ताकद ७५ अश्वशक्ती. भाऊंची तक्रार एकच: दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो जागाच होत नाही. मॅपनं जोर वाढवला, तर क्लच घसरू लागला. भारी क्लच टाकला, तर आत जाणारी हवा फार तापते असं ध्यानात आलं. मग मोठा इंटरकूलर आला आणि त्याला जागा हवी म्हणून बंपर कापला गेला. अंगणातली पाण्याची मोटार मात्र उन्हाळ्यापासून बंद आहे. तिला टर्बो नाही.

ताकद मोजायचं यंत्र इथं कुठलं? वहिनींना शेजारी बसवून गोंदियाच्या रस्त्यावर गाडी दाबायची. त्यांनी खिडकीवरचं हँडल एका हातानं धरलं तर मॅप ठीक, दोन्ही हातांनी धरलं तर उत्तम. तेही पुढे धानाच्या पोत्यांची ट्रॉली नसली तर. एकदा काळा धूर शेजारच्या कुरडयांवर गेला. भाऊंनी माफी मागण्याआधी "डिझेल जास्त, हवा कमी" हे कारण समजावून सांगितलं. साळ्यानं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दाखवलं, कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल करता येत नाही म्हणून. भाऊ म्हणाले, "आरसी बुकात बूस्टचा रकाना कुठी आहे, दाखव!" रकाना नव्हता हे खरं, कलम होतं हेही खरं.

त्यांच्या गाडीतून लगेच उतरायची सोय नाही. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. गाडी दामटून आणल्यावर एकदम बंद केली तर तेल थांबतं आणि बेअरिंग जळतं. म्हणून लग्नमंडपाच्या दारातही इंजिन चालू ठेवून सगळ्यांनी आत बसायचं. "त्याले थंड होऊ द्या." आपण उतरल्यानं टर्बोचं काय बिघडतं, हे विचारायची हिंमत आजवर कोणाची झाली नाही. मंगलाष्टकं बाहेरून ऐकू येतात.

पण रात्री कोणाचीही गाडी अडली की स्कॅनर घेऊन हाच माणूस धावतो, पैसे घेत नाही. परवा आमच्या काकांना मुतखड्याची कळ आली. भाऊ दोन मिनिटांत दारात. आम्हाला वाटलं, आता या सगळ्या खर्चाचं सार्थक होणार. तर स्वारी पहिले काही किलोमीटर चाळिसानं! "तेल तापल्याशिवाय दाबत नसतेत काका, कळ सोसा." मग तेल तापलं. काकांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं, ते दवाखान्यापर्यंत सोडलंच नाही.

सकाळी मी भेटायला गेलो, तर सलाईन लावलेले काका मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "आपल्या बोलेरोतही टर्बो असते ना गा? भाऊले विचारून पाह्य."