शुभेच्छुक

सण कोणताही असो, त्याचे हात जोडलेलेच असतात. पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर टिळा, मनगटात जाड कडं आणि पाडवा जणू आपल्याच घरून निघतो असं हसू. चौकातल्या फ्लेक्सवर लक्ष्मी कोपऱ्यात, वीतभर. पक्षाचे नेते वर, गोल गोल टिकल्यांत. मधोमध पुरुषभर उंचीचा तो. तळाला कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो. त्यातला एक जरी राहिला तर ऐन सणात रुसवे काढत फिरावं लागतं.

२०२२मध्ये शिवसेना फुटली, २०२३मध्ये राष्ट्रवादी, आणि वरच्या टिकल्यांचं गणित बिघडलं. कुणाचा फोटो कुणी लावायचा, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. शुभेच्छुकाने मात्र घरच्या घरी तोडगा काढला. फ्लेक्सवाल्याकडे दोन्ही बाजूंचं डिझाइन तयार. फोन आला की हवं ते छापायचं.

२०१४ आणि २०१९च्या विधानसभेचं मतदान दिवाळीआधीच उरकलं होतं. २०२४ला अख्खी दिवाळी प्रचारात सापडली. दसरा १२ ऑक्टोबरला, आचारसंहिता १५ला, अर्जाची मुदत २९ला, म्हणजे नेमकी धनत्रयोदशीला, आणि मतदान २० नोव्हेंबरला. म्हणून त्या वर्षी आपट्याच्या पानांबरोबरच दारात उटणंही आलं. पुडीवर त्याचा फोटो, आणि पुडी फाडायची खूण बरोबर त्याच्या कपाळावर. पहिल्या अंघोळीला घरोघरी त्याचं डोकं उडालं, पण नाव पोचलं ना!

आचारसंहिता लागली की त्याचा स्वभाव बदलतो. पालिकेची गाडी फ्लेक्स उतरवून नेते. सी-व्हिजिल ॲपवर कुणी फोटो टाकला तर शंभर मिनिटांत कारवाई व्हावी, अशी सोय आयोगाने केलेली. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि हिशेब अर्ज भरल्यापासून सुरू. मग हा एकदम अदृश्य होतो. फराळ ‘मित्रमंडळ’ वाटतं, दिवाळी पहाट ‘रसिक नागरिक’ भरवतात. आकाशकंदिलावर चिन्ह नसतं, फक्त गल्लीतले झाडून सगळे कंदील एकाच रंगाचे असतात. अधिकाऱ्याने विचारलं तर उत्तर तयार: ‘साहेब, दुकानात तेवढाच माल शिल्लक होता.’

पण ही विधानसभेची मोठी माणसं. खरा कस लागला तो वॉर्डातल्या शुभेच्छुकाचा. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची निवडणूक झाली फेब्रुवारी २०१७मध्ये. मुदत संपली मार्च २०२२मध्ये. पुढचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ला. मधल्या पावणेचार वर्षांत बहुतेक काळ ना वॉर्ड ठरलेला, ना आरक्षण. तरीही ‘भावी नगरसेवक’ या नात्याने त्याने गुढीपाडव्यापासून नाताळापर्यंत एकही सण चुकवला नाही. तेवढ्या काळात त्याच्या फोटोतली दाढी दोनदा वाढली आणि एकदा काळी झाली.

आणि तारीख पडली तीही संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची! जाहीर प्रचार १३ला संध्याकाळी बंद. १४ला हा दारोदार, हातात तिळगुळाचा डबा, सोबत वहिनी. जाहीर सभांना बंदी, गोड बोलायला नाही. ‘सहज आलो, काकू,’ म्हणत त्याने लाडू दिला आणि बोटांनी कसलासा आकडा केला. काकूंनी तो लाडवांचा समजून आणखी तीन उचलले.

१६ला निकाल लागला. पडला. संध्याकाळी त्याने फ्लेक्सवाल्याला फोन केला: ‘सव्वीस जानेवारीचं डिझाइन काढ. आणि हे बघ, मजकुरातलं बाकी काही बदलू नकोस.’