मे महिन्यातला लंपन

मे महिन्यात घोटावड्यात दुपारी जेवण झाल्यावर वाचायला बसणं हे धाडसाचंच काम. वीज गेलेली, पंखा रुसलेला, फाट्याकडून मालट्रकांचे हॉर्न. अशात मी ‘वनवास’ उघडलं. लंपन नावाच्या पोराची, प्रकाश नारायण संतांची ही कादंबरी १९९४ सालची. काटेकोर माणूस म्हणेल, ही कादंबरी कुठे, कथासंग्रह आहे. असेल. पण लंपनचीच पुढची ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ सलग वाचून काढा, मग सांगा.

सुट्टीला आलेल्या भाच्यानं विचारलं, “मामा, यात व्हिलन कोण?”

“कुणी नाही.”

“मग हिरो करतो काय?”

“विचार करतो.”

एवढ्यावर त्यानं मोबाइलकडे मोर्चा वळवला. त्याचं फार चुकलं असंही नाही. लंपनच्या गोष्टींत घडत असं फारसं काही नसतंच. त्याचं मन तेवढं म्याडसारखं धावत असतं. संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. एकेक थर हलक्या हातानं उलगडायची सवय तिथलीच असावी, असा आपला माझा तर्क.

शेजारच्या आजी पडवीत करवंदं निवडत होत्या. त्यांना दोन पानं मोठ्यानं वाचून दाखवली. म्हणाल्या, “बरंय की पोराचं. शेण उचलाया कोन लावत न्हाई.” त्यांच्या लहानपणी उन्हाळा म्हणजे राब. भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत पसरायचं, वर माती टाकून भाजायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं येतं. पाट्या वाहायला पोरं. मोकळ्या वेळेत डोंगरावरची करवंदं, तीही विकायला. सुट्टीत कंटाळा यायला घरची बरी परिस्थिती लागते, हे मला त्या दुपारी कळलं.

मग आजींनी विचारलं, “ह्यो आजीकडं का ऱ्हातो? आई न्हाई व्हय त्याला?”

आई आहे, वडील आहेत, पण दुसऱ्या गावी, असं सांगितलं. आजींचा हात थांबला. त्यांचे वडील मुंबईत डबे पोचवायचे. मुंबईचे कितीतरी डबेवाले आमच्या मुळशी-मावळातलेच. आई त्यांच्यासोबत, आणि पोरगी इथं आजीपाशी. ‘वनवास’वरची समीक्षा मी बरीच वाचली होती. आजींना तिची गरज पडली नाही.

“वाच फुडं,” त्या म्हणाल्या.

तेव्हा लंपन वाचायचा तर मे महिन्यातच वाचा, आणि मोठ्यानं वाचा. जूनमध्ये पेरणी सुरू झाली की आमच्याकडे ऐकायला कुणी रिकामं नसतं.