डावं वळण

गाडी सुरू झाली की मला झोप येते आणि थांबली की भूक लागते. मधल्या काळात काय घडतं याची मी कधी चौकशी केलेली नाही. असा मी मेव्हण्याच्या १९६७ सालच्या फियाट डिलाइटमधून कराडहून चिपळूणला निघालो, तो केवळ माशांसाठी.

मेव्हणा या गाडीला ‘युरोपियन स्पोर्ट्स सेडान’ म्हणतो. चारचौघांत म्हणू नकोस, असं मी त्याला बजावलं आहे. जिच्यात आम्ही सात माणसं, दोन होल्डॉल आणि फिरकीचा तांब्या कोंबून गणपतीला गाव गाठलं, तिचा आणि स्पोर्ट्सचा काय संबंध? पण पाटण येईपर्यंत त्याने मला झोपू दिलं नाही. हिचं मूळ म्हणे इटलीतलं, १९५३ सालचं, दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या हातचं. हिचं चपळ भावंड ‘तुरिस्मो वेलोचे’ मिल्ले मिलियाच्या शर्यतीत धावायचं. वालचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला हीच पुढे डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून विकली.

“१०८९ सीसी, दाजी. घोडे चाळीसच, पण सगळे कामाचे.”

आमच्या हापिसात प्रमाण उलटं होतं, म्हणून मी गप्प बसलो.

कोयनानगरला चहा प्यायला उतरताना मेव्हण्याच्या कमरेत उसण भरली. “दाजी, आता तुम्हीच घ्या.” धरण बघायचं राहिलं. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच चिकटलेला. तो कुठे ओढला की काय होतं हे समजून घेण्यात हेळवाक गेलं. आणि कुंभार्ली घाटातल्या पहिल्या डाव्या वळणावर हॉर्न वाजला. मी हात लावला नव्हता. चाक सरळ झालं, हॉर्न थांबला. पुढचं वळण उजवं, शांतता. त्यापुढचं डावं, पुन्हा बोंब.

मेव्हण्याने आडव्या अवस्थेत निदान केलं. हॉर्नची वायर स्टिअरिंगच्या नळीतून वर येते. पुण्यातल्या कुणा वायरमनने नवी घातली होती, तिचं आवरण घासलं होतं. चाक डावीकडे फिरलं की उघडी तार लोखंडाला टेकायची, अर्थ मिळायचा आणि भोंगा सुरू. “वायर काढून टाक,” मी म्हणालो. “बिनहॉर्नची गाडी घाटात?” तो म्हणाला.

मोठ्या वळणांवर तर हॉर्न श्वासही घेत नव्हता. समोरचे ट्रकवाले आदराने कडेला होत होते. पण त्या कोलाहलात मला झोप येत नव्हती, आणि जागेपणी काही वेगळंच लक्षात येऊ लागलं. दुसऱ्या गिअरवर गाडी स्वतःच वेग धरून उतरत होती, ब्रेकला पाय क्वचित जात होता. रस्त्याचा खडबडीतपणा थेट तळहाताला कळत होता. नाक हलकं, काचा मोठ्या, चारही कोपरे नजरेत. जिकडे बघावं तिकडे ती वळायची. चाळीस घोडे पुरतात ते यामुळे. पोफळी आली तेव्हा घाट संपल्याचं मला चक्क वाईट वाटलं. मेव्हण्याला हे सांगितलं नाही. तो उसण विसरून नाचला असता.

बहादूरशेख नाक्यावर पोलिसाने थांबवलं. “साहेब, ऐकू येतं आम्हाला.”

“मी वाजवत नाही हो, मी डावीकडे वळतोय.”

त्याने माझं तोंड हुंगलं. मग रिक्षा स्टँडवर नेलं. तिथे तज्ज्ञांची बैठक भरली: जुन्या फियाटवाल्या मेस्त्रींच्या गॅरेजपर्यंत एकही डावं वळण न घेता कसं जावं? “डावे हल्ली कुणालाच नकोत,” एकजण म्हणाला. शोधलेला मार्ग इतका लांबचा निघाला, की १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आमच्या समोरून दोनदा गेलं. दुसऱ्या वेळी एक म्हैस आडवी आली आणि वाचनालयापुढेच मला डावं घ्यावं लागलं. खिडकीतून एक चष्मा बाहेर आला.

मेस्त्रींनी उमेदवारी मुंबईत काळ्या-पिवळ्यांवर केलेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली, ती तारीख त्यांना पाठ होती. वायरवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळत ते म्हणाले, “माझी पण होती. पांढरी.” भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या वर एक मातकट रेघ होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी तिथपर्यंत आली होती. “सीट धुतल्या, इंजिन खोललं. गाळ सरला नाय. भंगारात दिली नि महिनाभर बायकोशी बोललो नाय. काय बोलणार? लग्नातली गाडी.”

काम झालं. “एक ट्रायल मारून येतो,” म्हणून ते गेले. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. मेव्हण्याचा चेहरा उतरला. तासाभराने परशुराम घाटाच्या बाजूने फियाट आली. शेजारच्या सीटवर त्यांच्या मिसेस होत्या, केसात अबोलीची वेणी.

“घाटात मस्त वळते हो,” बाई म्हणाल्या.

मेव्हण्याने चाक पूर्ण डावीकडे फिरवलं. हॉर्न वाजला नाही. मग त्याने तो स्वतः दाबला. तरीही वाजला नाही.

“बसा घटकाभर,” मेस्त्री म्हणाले. “ही तुमच्यासाठी सुरमई तळतेय.”