पासबुकवाले नाना

नानांना आजवर कुणी फसवू शकलेलं नाही. त्यांचा जुना सोफाही आजवर विकला गेलेला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे नाना मान्य करत नाहीत.

ओएलएक्सवर जाहिरात टाकली की पहिला फोन हमखास 'फौजी'चा. बदली झालीय, सोफा न बघताच हवाय, सहा हजार एका दमात कबूल. नानांचे कान तिथेच टवकारतात. "पुण्यात गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, म्हणजे ते सोफ्यासाठी आलेलंच नाही!" हा सिद्धान्त मला तरी बिनतोड वाटतो. मग ओळखपत्राचा फोटो येतो, विश्वास बसावा म्हणून खात्यात पाच रुपये येतात आणि पाठोपाठ क्यूआर कोड. "अंकल, स्कॅन करके पिन डालिए, पैसा आ जाएगा."

"बेटा, पैसा लेने को पिन नहीं लगता. देने को लगता है," नाना थंडपणे सांगतात. वर पलटण कुठली, साहेब कोण, आज मेसमध्ये भाजी कसली, अशी उलटतपासणी. शेवटी भामटाच फोन आपटतो. त्याचा नंबर सरकारच्या 'चक्षू' पोर्टलवर नोंदवला जातो. 'पैसे गेले तर हेल्पलाइन १९३०, जाण्याआधी चक्षू' असा कागद नानांनी लिफ्टमध्ये चिकटवलाय.

पंचाईत होते ती सज्जनांची. मागच्या मंगळवारी एक नवरा-बायको टेम्पो घेऊनच आले. पैसे पाठवले, स्क्रीनशॉट दाखवला.

"असले स्क्रीनशॉट माझी नातसुद्धा बनवते."

बँकेचा मेसेज वाजला. "मेसेजही खोटे येतात." (येतात, खरंच.)

"मग शिल्लक बघा ना, काका."

"त्याला पिन टाकावा लागतो. तुमच्यादेखत?"

नाना पासबुक काखोटीला मारून बँकेत गेले. एंट्री मारायचं मशीन बंद होतं, काउंटरवर रांग होती. इकडे पाहुणे त्याच सोफ्यावर बसून काकूंचा दुसरा चहा पीत होते. टेम्पोवाला खालून हॉर्नवर हॉर्न देत होता.

दीड तासाने नाना विजयी मुद्रेने परतले. "जमा झालेत! न्या सोफा."

"नको काका," बाई कंबर चोळत उठल्या. "स्प्रिंग टोचते. पैसे तेवढे परत पाठवा."

नानांचे डोळे बारीक झाले. "आधी पैसे पाठवायचे, मग परत मागायचे! वाचलंय मी याबद्दल. अगं, दार लावून घे आणि माझा चष्मा आण."