मागची चाकं फेंगडी

"काय हो नाना, समोरच्या पोराची गाडी पाहिलीत? मागची चाकं फेंगडी झालीत. आपटली वाटतं कुठंतरी."

"हळू बोला माई, खिडकी उघडी आहे त्यांची. आपटली नाही, मुद्दाम केलंय. पैसे मोजून."

"अगं बाई! ते कशाला?"

"मागच्या महिन्यात मित्राच्या लग्नाला म्हणून गेला होता ना? लग्न कसलं, कोइमतूरला कारी ट्रॅकवर गाडी पळवून आला. 2.1 किलोमीटरचा ट्रॅक, नुसती वळणं. आला तेव्हा टायरच्या बाहेरच्या कडा खरवडलेल्या. मी जन्मभर एसटीच्या वर्कशॉपात, मला काय कळायचं राहतंय? वळणावर गाडी बाहेर झुकते, चाकही तिच्याबरोबर कलतं आणि सगळा भार कडेवर येतो. म्हणून आधीच चाक वरून आत कलवून ठेवायचं. वळणात भार आला की टायर जमिनीवर सपाट बसतो. त्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. आमच्या जुन्या गाड्यांना पुढं उलटा असायचा, वरून बाहेर."

"मग दिला असेल पान्यानं पीळ."

"तिथंच तर गंमत आहे! त्याच्या गाडीला मागं टॉर्शन बीम. कॅम्बरसाठी फिरवायला बोल्टच नाही. चाकाचा स्टब अॅक्सल उतरवायचा, तो आणि बीम यांच्यामध्ये पाचरीसारखी शिम घालायची, जाड बाजू खाली. एक अंश हवा असेल तर दहा सेंटीमीटरमागं पावणेदोन मिलिमीटरचा फरक. एवढ्याशा पत्र्यानं पंधरा इंची रिमची वरची कड खालच्या कडेपेक्षा साडेसहा मिलिमीटर आत जाते. आणि शिम जरा तिरकी बसली की टो बिघडला, म्हणजे चाकाचं तोंड आत नाहीतर बाहेर वळलं. कॅम्बरपेक्षा टो टायर लवकर खातो. अलाइनमेंट केलंस का विचारलं, तर म्हणे नंतर."

"बाकी बरोबर केलं ना पण?"

"कुठलं बरोबर! पुढच्या चाकांनी ओढायची गाडी. वळवायचं पुढच्यांनी, ओढायचं पुढच्यांनी, ब्रेकचा मोठा भारही पुढच्यांवरच. कॅम्बर आधी पुढं वाढवायचा, मागं त्याहून कमी ठेवायचा. यानं मागं ठासून घातला, पुढं हातच लावला नाही. का? तर शिमा स्वस्त आणि पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावरच्या प्लेटा महाग! आता मागचं बूड रस्त्याला चिकटून बसणार आणि नाक वळायच्या ऐवजी सरळ पळणार. निदान ट्रॅकवरून आल्या आल्या टायर आत, मध्ये, बाहेर असा तीन ठिकाणी किती तापलाय ते मोजायचं. मग शिम किती जाड ते ठरवायचं. हा पोरगा नुसते फोटो बघून ठरवतो."

"आणि रोज ऑफिसला तीच गाडी?"

"तीच. हायवेला सरळ जाताना टायरच्या आतल्या कडा झिजणार. बाहेरून टायर नवाकोरा, आत तारा दिसायला लागलेल्या. वाकून बघतंय कोण?"

"नाना… आली बघा त्याची आई."

"काय हो नाना, तुम्हाला कळतं यातलं. गाडीची चाकं तिरकी दिसतायत. हा म्हणतो, खड्ड्यानं झालं."

"खड्डाच असेल वहिनी. मोठा दिसतोय. अलाइनमेंट तेवढं आजच करून घ्यायला सांगा त्याला."