दंड भरा, पावती मिळेल

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातलं फर्ग्युसन हे २०१० साली जेमतेम एकवीस हजार वस्तीचं गाव होतं. त्याच साली तिथे विक्रीकराचं उत्पन्न घटणार अशी चिन्हं दिसू लागली, तेव्हा गावच्या वित्त अधिकाऱ्याने थेट पोलीसप्रमुखांना लिहून कळवलं, की वर्षअखेरीपर्यंत चलनं फाडण्याचा वेग वाढला नाही, तर पुढच्या वर्षीची वसुली वाढवणं जड जाईल. आपल्याकडे तोडपाणी करणारा हवालदार बिचारा स्वतःच्या खिशापुरतं पाहतो. फर्ग्युसनच्या पोलिसाच्या खांद्यावर मात्र अख्ख्या गावाचं अंदाजपत्रक होतं, आणि वर रीतसर पावतीही मिळत होती.

हा भार उचलला कोणी? २०१४ साली तिथे मायकल ब्राऊन या निःशस्त्र काळ्या तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला, तेव्हा कुठे केंद्राच्या न्याय विभागाने वह्या तपासल्या आणि अहवाल दिला. गावात काळ्यांची वस्ती ६७ टक्के; पण अडवलेल्या वाहनांत त्यांचा वाटा ८५ टक्के, चलनांत ९० आणि अटकेत ९३. यावर ठरलेलं उत्तर असं, की नियम तेच जास्त मोडत असतील. मग झडत्यांचं काय करायचं? गाडी अडवल्यावर काळ्यांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त वेळा झाली, आणि बेकायदा वस्तू सापडण्याचं प्रमाण त्यांच्याकडेच कमी निघालं. गावात ‘रस्त्यावरून चालण्याची पद्धत’ असाही एक गुन्हा होता. त्यात सापडलेले ९५ टक्के लोक काळे. गोरी मंडळी बहुधा चालतच नसावीत. अधिकाऱ्यांचं निदान वेगळं होतं: या लोकांना वैयक्तिक जबाबदारीची जाणीव नाही. ती जाणीव पुरेपूर असलेले हेच साहेब मित्रांची, नातलगांची चलनं गुपचूप रद्द करून देत होते, हेही त्याच अहवालात आहे.

वर्णाचा प्रश्न उद्या मिटला, असं घटकाभर धरू. दंड सर्वांना सारखाच आहे, मग तक्रार कसली, असं विचारणारे तरीही उरतील. त्यांच्यासाठी फर्ग्युसनचंच एक प्रकरण: २००७ साली गाडी चुकीच्या जागी लावल्याबद्दल एका काळ्या बाईला दोन चलनं मिळाली. दंड १५१ डॉलर, वर शुल्कं. पैशांची ओढाताण, अधूनमधून डोक्यावर छप्परही नाही. तारखा आणि हप्ते चुकत गेले, आणि त्याचेच सात नवे गुन्हे तिच्या नावावर चढले. दोनदा अटक, सहा दिवस तुरुंग. २०१४ च्या अखेरीस तिने ५५० डॉलर भरले होते आणि ५४१ डॉलर अजून बाकी होते. मधल्या काळात तिने एकदा २५ आणि एकदा ५० डॉलर पाठवून पाहिले, तर न्यायालयाने अर्धवट रक्कम चालत नाही म्हणून दोन्ही परत केले. सावकारसुद्धा असे पैसे व्याजात जमा करून घेतो. ऐपत आहे की नाही हे न तपासता, केवळ दंड भरता आला नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येणार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच बजावलं होतं. फर्ग्युसनपर्यंत ते पोचायला वेळ लागला असावा.

गरिबाला सूट दिली तर त्याला कायद्याचा धाक उरणार नाही, हा आक्षेप मात्र ऐकण्यासारखा आहे. फक्त तो अर्ध्यावर थांबतो. धाकाचीच काळजी असेल, तर ज्याला १५१ डॉलर म्हणजे एका जेवणाचं बिल, त्याला धाक कसा बसवणार? फिनलंडने यावर १९२१ पासूनच तोड काढली आहे: गंभीर गुन्ह्यात दंड दिवसांत मोजायचा आणि दिवसाचा दर उत्पन्नावरून ठरवायचा. ५० च्या हद्दीत ७५ च्या वेगाने मोटरसायकल हाकल्याबद्दल २००२ साली नोकियाच्या एका बड्या संचालकाला एक लाख सोळा हजार युरोंचा दंड झाला. श्रीमंतांवर हा केवढा अन्याय, म्हणून जगभर हळहळ झाली. दरम्यान साहेबांचं उत्पन्न घटलं होतं. त्यांनी न्यायालयाला तसं दाखवून दिलं, आणि दंड बराच कमी करून मिळाला.